ऊब साधली, ओल राहिली

घरच्या पेटीत अंडी उबवताना पिल्ले कमी निघाली की पहिला आरोप बल्बवर येतो. ‘ऊब कमी पडली,’ एवढे म्हणून सगळे मोकळे होतात. आमच्या भागात थर्माकोलच्या पेट्यांत गावठी अंडी उबवणाऱ्या बायका आणि तरुण मुले बरीच आहेत. त्यांच्या तोंडून हे वाक्य वारंवार ऐकल्यावर मी या कलेचा इतिहास वाचायला घेतला. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. ऊब माणसाला फार पूर्वी साधली. ओल आणि हवा समजायला मात्र वेळ लागला.

ईजिप्तमध्ये शेणखतात पुरून अंडी उबवतात, अशी नोंद इसवी सनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तिथे मातीच्या विटांच्या दुमजली भट्ट्या झाल्या. खाली अंडी आणि वर शेणाचा, भुशाचा मंद विस्तव. तापमापी नव्हती, कारागीर अंडे पापणीला लावून ऊब जोखायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. त्यामुळे परक्या प्रवाशाला भट्टी पाहायला मिळाली, पण अंडी केव्हा हलवायची आणि विस्तव केव्हा विझवायचा, ही हाताची जाण तिथेच राहिली.

१७व्या शतकाच्या सुरुवातीला डच संशोधक कोर्नेलिस ड्रेबेल याने आच आपोआप कमीजास्त करणारी उबवणपेटी बनवली. म्हणजे उबेचा प्रश्न तत्त्वतः तेव्हाच सुटला होता.

फ्रान्समध्ये रेने रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर ग्रंथ काढला. तो स्वतः तापमापीचा जाणकार. खेड्यातल्या माणसाला परवडावे म्हणून त्याने लोणी आणि चरबीचे मिश्रण बाटलीत भरून, ते कितपत वितळते त्यावरून ऊब ओळखण्याची युक्तीही सांगितली. पण शेणखताच्या उबेत पिल्ले कवचातच मरू लागली. ऊब बरोबर असताना मरतात, तेव्हा दोष दुसरीकडे असणार, हे त्याने ताडले. मारेकरी होती खतातून उठणारी दमट वाफ. मग त्याने खतात पिंप पुरले, अंडी त्यात ठेवली आणि झाकणाला हवेसाठी भोके पाडली.

या वाफेचा अर्थ आज नेमका सांगता येतो. २१ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ टक्क्यांनी घटावे लागते. तेवढे पाणी उडाले तरच बोथट टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी वाढते आणि पिल्लाला पहिला श्वास मिळतो. पेटी फार दमट असेल तर पिल्लू चिकट, ओले राहून गुदमरते. फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा वाळून त्याला आवळतो. म्हणून पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवतात. रवणीला बसलेली कोंबडी हे हिशोब करत नाही. पण ती चोचीने अंडी फिरवते आणि दाण्यापाण्यासाठी उठते, तेव्हा त्यांना वाराही लागतो.

गरीब घरात तीस अंडी वाया जाणे म्हणजे बाजाराचा पैसा आणि तीन आठवडे दोन्ही गेले. म्हणून न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून पाहावीत. आत काहीच नसेल तर अंडे फळलेले नव्हते किंवा फार दिवसांचे होते. नुसते रक्ताचे कडे दिसले तर जीव पहिल्या आठवड्यातच गेला. अंडी कशी साठवली आणि सुरुवातीला ऊब किती हलली ते तपासावे. पिल्लू पूर्ण वाढून मेले असेल तर आर्द्रता आणि हवेची भोके आधी पाहावीत. सगळीच पिल्ले एक दिवस उशिरा निघाली, तर मात्र बल्बवरचा आरोप खरा असण्याचा संभव जास्त.

रेओम्यूरजवळ राजाश्रय होता, वेळ होता. आपल्या परसातल्या बाईजवळ वहीचे एक पान असते. तिने प्रत्येक खेपेला किती अंडी कोणत्या अवस्थेत मेली एवढे टिपले, तरी पुढच्या खेपेला पेटीत काय बदलायचे ते तिला कळेल.