आयडीई ते एएचसीआय : एका सेटिंगचा इतिहास

काही वर्षांपूर्वी मी माझ्या विंडोज ७ च्या संगणकात बायोसमधली एक सेटिंग बदलली. डिस्क कंट्रोलर ‘आयडीई’वर होता, तो ‘एएचसीआय’वर केला. विंडोज सुरू होता होता निळा पडदा आला, शेवटी ‘७बी’ असलेला एरर कोड घेऊन. अब्बांच्या पत्रांची स्कॅन केलेली पानं त्याच डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, “फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकावी लागेल.” ‘फॉरमॅट’ या शब्दानं धडकी भरली आणि मी या सेटिंगचा इतिहास शोधू लागलो.

आयडीई ही १९८० च्या दशकातली पद्धत, वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी घडवलेली. २००३ साली ‘साटा’ आली. रुंद पट्टीसारखी केबल जाऊन बारीक वायर आली. पुढच्याच वर्षी इंटेलनं एएचसीआय आणली. तिच्यामुळे डिस्कला ३२ आज्ञा रांगेत घेऊन सोयीच्या क्रमानं उरकता येऊ लागल्या. पण २००१ च्या विंडोज एक्सपीकडे तिचा ड्रायव्हरच नव्हता. म्हणून बायोसमध्ये तडजोड झाली: नव्या डिस्कनं जुन्या आयडीईचा वेश घ्यायचा. एक्सपी मागे पडली, तरी अनेक संगणकांत तो वेश तसाच राहिला.

विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर होता, मग ती का अडली? कारण टाकताना आयडीई दिसली, म्हणून तिनं एएचसीआयचा ड्रायव्हर निजवून ठेवला. सेटिंग बदलल्यावर तिला स्वतःचीच डिस्क वाचता येईना. पत्रं मात्र जिथल्या तिथे होती.

मी बायोसमध्ये परत आयडीई केलं. विंडोज उघडली. आधी पत्रांची प्रत काढली. मग रजिस्ट्रीत ‘सर्व्हिसेस’खाली ‘एमएसएएचसीआय’ शोधून ‘स्टार्ट’पुढच्या ३ चा ० केला, संगणक बंद केला आणि बायोसमध्ये एएचसीआय निवडलं. विंडोज उघडली, ड्रायव्हर बसला, एकदा रीस्टार्ट झालं, संपलं.

विंडोज ८ आणि १० मध्ये रजिस्ट्रीला हात लावावा लागत नाही. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूटची खूण करायची, रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये विंडोज उघडली की खूण काढायची. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

जुनं पाडल्याशिवाय नवं येत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. इथे फक्त आधी वर्दी द्यायची होती. अब्बांची पत्रं आता दोन डिस्कवर आहेत.