काळ्या वळूची पारख

स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या काठी पर्थ नावाचे जुने शहर आहे. फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत तेथे वळूंचा मोठा बाजार भरत असे, आणि ॲबर्डीन-अँगस जातीचे काळे, भुंडे वळू घेण्यासाठी सातासमुद्रांपलीकडून धनिक पशुपालक तेथे जमत. १९६३ सालच्या बाजारात लिंडर्टिस इव्हल्स नावाच्या एका तरुण वळूवर बोली चढत चढत साठ हजार गिनींवर जाऊन थांबली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा ही रक्कम त्रेसष्ट हजार पौंड झाली. वळूच्या किमतीचा तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. घेणारा अमेरिकन होता. पाठ सरळ, छाती रुंद, पाय आखूड, अंगावर मखमलीसारखी लव. पाहणाऱ्याने नाव ठेवावे असे काही त्या जनावरात नव्हते. परंतु पुढे तपासणीत असे आढळून आले की हा वळू प्रजननास असमर्थ आहे! ज्या एका कामासाठी वळू पाळावयाचा, तेवढेच त्याच्याकडून होणार नव्हते.

श्रोतेहो, ही केवळ हसून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. त्या लिलावाला जमलेले लोक अडाणी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या गुरे पारखण्यात ज्यांची हयात गेली, अशी ती माणसे होती. मग त्यांची नजर चुकली कोठे? याचे उत्तर शोधावयाचे तर दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे. ही गुरे मांसासाठी पाळली जातात, आणि आपल्यापैकी अनेकांना तो हेतू रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु निवड कशी करावी आणि ती कशी फसते, हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा किंवा एका जनावराचा नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील अँगस व ॲबर्डीन या परगण्यांत बिनशिंगांची गुरे फार पूर्वीपासून होती. अँगसचे लोक त्यांना ‘डॉडी’ म्हणत, तर बुखन भागात ‘हमली’ म्हणत. रंगाने ती सगळीच काळी नव्हती. ह्यू वॉटसन नावाच्या तरुण शेतकऱ्याने १८०८ साली कीलर येथे शेती सुरू केली. वडिलांनी त्याला सहा गाई आणि एक वळू दिला. त्याच वर्षी ब्रेखिनजवळच्या ट्रिनिटी बाजारातून त्याने दहा निवडक कालवडी व एक काळा वळू विकत आणला. कालवडी अनेक रंगांच्या होत्या, वळू मात्र काळाभोर होता. आपले खिल्लार काळेच असावे, असे वॉटसनने ठरविले आणि त्या दिशेने पन्नासएक वर्षे चिकाटीने निवड केली. त्याच्याकडे १८४२ साली जन्मलेल्या ‘ओल्ड जॉक’ या वळूला पुढे वंशावळीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक मिळाला. त्याची ‘ओल्ड ग्रॅनी’ ही गाय तर पस्तीस वर्षे जगली आणि तिला एकोणतीस वासरे झाली, असे सांगतात. प्रदर्शनातील पदक एका दिवसाचे असते. एकोणतीस वासरे ही एका जन्माची साक्ष असते, आणि वॉटसनला या दोहोंची किंमत कळत होती.

वॉटसनने जातीला रूप दिले, तर विल्यम मकाँबी याने तिला कीर्ती मिळवून दिली. ॲबर्डीनशायरमधील टिलीफोर येथील हा गृहस्थ गुरांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, आणि स्वतःही व्यापारात मुरलेला. प्रदर्शनाच्या मंडपात जनावर कसे दिसते, हे त्याला ठाऊक होते. परंतु लंडनचा खाटीक त्याच जनावराला किती पैसे देतो, हेही तो जाणत होता. या दुहेरी ज्ञानात त्याच्या यशाचे मर्म आहे. १८६७ साली त्याच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ने बर्मिंगहॅम आणि स्मिथफील्ड या दोन्ही प्रदर्शनांत पहिला मान मिळविला आणि मग व्हिक्टोरिया राणीच्या अवलोकनासाठी त्याला विंडसरला नेण्यात आले. त्याच वर्षी मकाँबीने गुरे व त्यांचे पालन यावर एक पुस्तकही लिहिले. पुढच्याच वर्षी तो पार्लमेंटात निवडून गेला, आणि स्कॉटलंडमधील कुळाने कसणारा शेतकरी तेथे पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या गुरांनी सर्वश्रेष्ठ ठरून युरोपची नजर या काळ्या जातीकडे वळविली.

मकाँबीचे एक मत ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जवळच्या नात्यात संकर करून जातीचा साचा पक्का करता येतो, हे त्याला मान्य होते. परंतु तीच वाट दीर्घकाळ चालणे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो आपल्या अनुभवावरून बजावीत असे. या इशाऱ्याकडे पुढच्या पिढ्यांनी पुरेसे लक्ष दिले असते, तर कदाचित आजचे हे भाषण अधिक सुखद झाले असते.

याच सुमारास बॅलिंडॅलॉकच्या सर जॉर्ज मॅकफर्सन-ग्रँट यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी १८६१ साली किनेर्डच्या लिलावातून ‘एरिका’ नावाची गाय पन्नास गिनींना घेतली, आणि तिच्यापासून चाललेले कुळ जगभर गाजले. वळू पाहावयाचा तर आधी त्याची आई पाहावी, हा धडा एरिकाच्या वंशाने शिकविला. तो धडा कागदावर टिकून राहावा म्हणून वंशावळीची नोंद हवी होती. परंतु जमविलेले पहिले दप्तर १८५१ साली एडिंबरो येथील आगीत जळाले, आणि नोंदवहीचा पहिला खंड निघावयास १८६२ साल उजाडले. जातीची संस्था १८७९ मध्ये स्थापन झाली.

१८७३ साली जॉर्ज ग्रँट नावाच्या एका स्कॉटिश व्यापाऱ्याने चार अँगस वळू अमेरिकेतील कॅन्ससच्या माळरानावर नेले. कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात त्यांतील वळू पाहून लोकांना हे काय विचित्र प्रकरण आहे, असेच वाटले. शिंगे नाहीत आणि रंग काळा! परंतु टेक्ससच्या लांब शिंगांच्या गाईंपासून त्यांना झालेली वासरे बिनशिंगांची निघाली आणि माळावरच्या हिवाळ्यात चांगली तगली. बापाला ज्यांनी नाक मुरडले, त्यांनी मुलांचा आदर केला. वळूची खरी परीक्षा त्याच्या संततीत होते, हे तत्त्व येथे आपोआप सिद्ध झाले.

दुर्दैव असे की मंडपातील परीक्षकाला संतती पाहावयास सवड नसते. त्याच्यासमोर जनावर उभे असते आणि हातात काही मिनिटे असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ठेंगणी, गोटीबंद गुरे सुंदर मानली जाऊ लागली. माणसाच्या कमरपट्ट्याएवढ्या उंचीचे वळू पदके जिंकू लागले. आणि मग कळपांत खुजी वासरे जन्मू लागली. त्यांचे पोट सुटलेले, डोके फुगलेले असे, श्वास घोरल्यासारखा चाले, आणि आयुष्य थोडे असे. हा दोष अप्रभावी असतो. तो एकाच बाजूने आला तर जनावर धडधाकट दिसते. दोन्ही बाजूंनी आला तर वासरू खुजे होते. दोष वाहणारे दोन जीव एकत्र आले, की चारांत एक वासरू असे निपजण्याचा संभव असतो. यातील कटू विनोद असा की, दोष गुप्तपणे वाहणारी जनावरे किंचित अधिक ठेंगणी व आटोपशीर दिसत, आणि म्हणून परीक्षक नकळत त्यांनाच पसंत करीत. पदकाने दोषाची पैदास वाढविली.

त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे लोकांनी मौन पाळले. खुजे वासरू झाल्याचे शेजाऱ्याला कळले तर घराण्याचे नाव जाईल आणि वळूंना गिऱ्हाईक मिळणार नाही, या भीतीने अनेकांनी अशी वासरे गुपचूप पुरून टाकली. जेव्हा बोभाटा झाला, तेव्हा नामांकित कुळेच्या कुळे बाद करण्यात आली, आणि दोषींबरोबर निर्दोष जनावरेही गेली.

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९६० नंतर युरोपातील शारोले वगैरे थोराड जातींची स्पर्धा वाढली आणि १९८० च्या दशकात उंचच उंच वळू मैदान मारू लागले. काल ठेंगणेपणाची भूल होती, आज उंचीची. निवड डोळ्यांचीच राहिली. त्याचबरोबर मोजमापाचे नवे शास्त्रही पुढे आले. वासराचे जन्मवजन, त्याची वाढ, आईचे दूध यांच्या नोंदींवरून वळूच्या संततीचा अंदाज बांधला जाऊ लागला. परंतु आकडेही भुलवितात. कृत्रिम रेतनामुळे एका गाजलेल्या वळूचे रक्त हजारो कळपांत पसरले, आणि २००८ साली अमेरिकेत पाठ वाकडी व पाय आखडलेली मृत वासरे जन्मण्यामागे अशाच एका लोकप्रिय वंशातील अप्रभावी दोष असल्याचे निष्पन्न झाले. या वेळी मात्र दोष लपविला गेला नाही. थोड्याच काळात चाचणी तयार झाली आणि कोणते जनावर दोष वाहते, हे उघडपणे सांगता येऊ लागले. दोष तसाच होता. त्याच्याशी वागण्याची रीत बदलली होती.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण हवा अँगसला मानवत नाही. म्हणून तेथे आठ भागांपैकी पाच अँगस आणि तीन ब्राह्मण अशी ‘ब्रँगस’ जात घडविण्यात आली. हे ‘ब्राह्मण’ म्हणजे गीर, कांकरेज, ओंगोल या भारतीय गुरांचे वंशज असून, त्यांत आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचाही अंश आहे. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने घडलेले ते वशिंडाचे जनावर आणि कीलरचा काळा भुंडा वळू यांची गाठ अशी तिसऱ्याच खंडात पडली.

सरकारी नोकरीत निवड समितीच्या टेबलामागे बसण्याचा प्रसंग मला अनेकदा येतो. समोरचा उमेदवार आत्मविश्वासाने बोलतो, त्याची प्रशस्तिपत्रे लखलखीत असतात, आणि निर्णयाला मिळतात पंधरा मिनिटे. अशा वेळी मला पर्थचा तो साठ हजार गिनींचा वळू आठवतो. रूप खोटे असते असे नाही; मंडपातील परीक्षकाने जे पाहिले ते खरेच होते. परंतु ते अपुरे होते. ज्या कामासाठी निवड करावयाची, त्या कामाविषयी विचारावयाचे मात्र राहून गेले. वॉटसनने आपल्या गाईला तिच्या वासरांवरून ओळखले, कारण त्याला थांबण्याची तयारी होती. आपल्याला एवढे थांबता येत नाही, हे खरे. परंतु आपली निवड चुकली असे दिसून आले, तर ती चूक गुपचूप पुरून न टाकता नोंदवहीत लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती नक्कीच आहे.