मांडीखालची बंदूक

आपल्या भाषेत ‘घोडा’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. एक घोडा पागेत उभा असतो, दुसरा बंदुकीवर बसवलेला असतो. भाषेने या दोघांची सोयरीक सहज जुळवून दिली. इतिहासाला मात्र ती जुळवायला काही शतके खर्चावी लागली. तोड्याच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानावर रंजक टाकायची आणि जळता तोडा सांभाळायचा, आणि हे सारे दौडत्या जनावराच्या पाठीवर! मराठी स्वाराने भाल्यावर आणि तलवारीवर भिस्त ठेवली व बंदूक बव्हंशी पायदळाच्या हाती राहिली, ती उगाच नव्हे.

घोडा आणि बंदूक यांचा संसार पुढे खऱ्या अर्थाने थाटला गेला तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतात. डोंगरात घोड्यावरून हिंडणाऱ्या शिकाऱ्याने कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता हौशी माणसांचा वाटेल. परंतु त्या एका निवडीच्या मागे एका खंडाचे शतकभराचे चरित्र दडलेले आहे.

अमेरिकेच्या पूर्वेकडील दाट जंगलांत पेनसिल्व्हानियातील जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब रायफल प्रसिद्ध होती. तिची नळी चाळीस इंचांच्याही वर जाई आणि गोळी बारीक असे. पायी चालणाऱ्या, हरणे मारणाऱ्या माणसाला ती उत्तम. पण १८२० नंतर बीव्हरच्या कातड्यांसाठी माणसे रॉकी पर्वतात शिरू लागली, तेव्हा तिचे दोष दिसू लागले. लांब नळी खोगिरावर आडवी धरली की झाडाझुडपांत अडके. समोर येई तो गवा किंवा ग्रिझली अस्वल. त्याला बारीक गोळी म्हणजे नुसती चिथावणी. सेंट लुई येथील जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या दुकानात यावर उतारा निघाला. नळी आखूड पण जाड, गोळी अर्ध्या इंचाहून किंचित मोठी, लाकूड निम्म्याच नळीपर्यंत. वजन दहा पौंडांच्या आसपास भरे, पण घोडा ते वाही.

तरीही ती ठासणीचीच बंदूक होती. एक बार उडाला की स्वार निःशस्त्र. कॅनडाच्या मैदानांतले मेती लोक गव्यांच्या कळपात घोडे घालीत, तेव्हा गोळ्या तोंडात धरीत. दारू अंदाजाने ओतायची, ओली गोळी नळीत थुंकायची, दस्ता खोगिरावर आपटायचा आणि बार काढायचा. यात नळी फुटून बोटे गमावणारेही असत. मैदानांतल्या मूळ रहिवाशांचे आखूड धनुष्य याहून कितीतरी सरस होते; एक गोळी ठासून होईतो तिरंदाज अनेक बाण सोडी. नवे हत्यार आले म्हणजे जुने तत्काळ निकामी होते, असा आपला एक समज असतो. घोड्याच्या पाठीवर तो खोटा ठरला.

पारडे फिरले ते धातूच्या काडतुसाने. १८६० सालच्या हेन्री रायफलीत सोळा काडतुसे मावत. चापाभोवतीची तरफ खाली ढकलून वर ओढली की रिकामे टरफल बाहेर पडे, नवे काडतूस आत जाई आणि घोडाही चढे. काडतुसांची नळी खालून उघडी असल्यामुळे तीत माती शिरे. १८६६ च्या विंचेस्टरने बाजूला झडप ठेवून तो दोष काढला. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी अनेकांपाशी अशा रायफली होत्या, तर कस्टरच्या घोडदळापाशी एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन. पराभवाचे ते एकमेव कारण नव्हे. पण १९८३ च्या वणव्याने ते रान उघडे पडल्यावर जमिनीतून निघालेल्या टरफलांनी त्या रायफलींची साक्ष दिली.

शिकाऱ्याची अडचण मात्र निराळी होती. या तरफेच्या रायफली चपळ, पण त्यांची काडतुसे दुबळी. थिओडोर रूझवेल्ट १८८० नंतरच्या दशकात डाकोटात गुरे पाळत असताना १८७६ च्या मोठ्या विंचेस्टरवर खूष होता. ती रायफल बळकट खरी, पण अंगाने जड. युटामधील ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने हे कोडे सोडवले. त्याने आखलेले १८९४ चे विंचेस्टर दुसऱ्या वर्षी बिनधुराच्या दारूचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस घेऊन आले. काळ्या दारूच्या धुरामागे सावज दिसेनासे होई, ते संपले. कार्बाइनची नळी वीस इंच, वजन साडेसहा पौंडांच्या आसपास. दोन्ही बाजू सपाट, म्हणून चामड्याच्या म्यानात ती रिकिबीच्या पट्ट्याखाली निमूट पडून राही आणि स्वाराच्या गुडघ्याला टोचत नसे. मधोमध मुठीत धरली की तोल बरोबर सापडे. हे हत्यार सत्तर लाखांहून अधिक खपले.

पण उंच पर्वतात, झाडे संपतात त्याच्याही वर, रानमेंढ्या राहतात. तिथे दरीपलीकडे दोनशे-तीनशे यार्डांवर नेम धरावा लागतो. नळीत एकामागे एक बसणाऱ्या काडतुसांना टोकदार गोळी चालत नाही. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटण्याची भीती. बोथट गोळी तर लांबवर भराभर खाली येते. आर्थर सॅव्हेजने १८९९ च्या रायफलीत काडतुसे चरख्यात बसवून ही अडचण टाळली. पुढे बोल्टच्या रायफली आणि १९२५ चे ‘टू-सेव्हन्टी’ काडतूस आले. त्याचा मोठा पुरस्कर्ता जॅक ओकॉनर हा ॲरिझोनात प्राध्यापकी केलेला आणि कादंबऱ्या लिहिलेला गृहस्थ. बोल्टची मूठ आणि वरची दुर्बीण यांमुळे म्यान जाडजूड झाले, मांडीला काचू लागले; लांबचा नेम हवा म्हणून लोकांनी ते सोसले.

यातील मर्म असे की, डोंगरातला शिकारी घोड्यावरून गोळी झाडतच नाही. घोडा त्याला चढ चढवून नेतो. सावज दिसले की उतरायचे, म्यानातली रायफल आठवणीने बरोबर घ्यायची, घोड्यापासून दूर सरायचे आणि मगच काडतूस नळीत चढवायचे. बुजलेला घोडा म्यानातल्या रायफलीसकट दरीत पळाला, तर जगातली उत्तम निवडही व्यर्थ. म्हणजे ही रायफल निवडायची ती एका क्षणाच्या गोळीसाठी जितकी, तितकीच दिवसभराच्या दौडीसाठी. निर्णय अर्धा शिकाऱ्याचा असतो, अर्धा घोड्याचा.

हत्यार सुधारत गेले, तसे रान ओसाड होत गेले. अमेरिकेतील गव्यांची संख्या एके काळी कोटींनी मोजावी अशी होती. १८८० चे दशक सरता सरता रानातले गवे काही शेकड्यांवर आले. त्यांतले बहुतेक कातड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी, पायी बसून, शार्प्सच्या जड एकबारी रायफलींनी मारले गेले. त्यांच्याबरोबर त्यांवर जगणारी माणसांची एक अख्खी रीत उपाशी पडली. ज्या रूझवेल्टने रायफलींची वाखाणणी केली, त्यानेच १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब स्थापण्यात पुढाकार घेतला आणि शिकारीला मर्यादा हवी असे सांगू लागला. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीच्या मालाचा राज्याराज्यांतील व्यापार बंद केला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो १९७२ साली.

ठासणीच्या बंदुकीच्या काळी मर्यादा हत्यारातच होती. एक बार हुकला की जनावर सुटे. पुढे कारागिरांनी एकेक अडचण दूर केली, आणि प्रत्येक अडचणीबरोबर जनावराची एकेक पळवाटही बुजली. बंदुकीतून काढून टाकलेली ती मर्यादा अखेर माणसाला कायद्यात लिहून ठेवावी लागली. ती तिथे लिहिली जाईपर्यंत गेलेले कळप मात्र कोणत्याही कायद्याने पूर्वीसारखे परत आणले नाहीत.