तीन चाकं आणि एक दिवा

केळवे रोड स्टेशन आणि केळवे गाव यांच्यात सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे. रेल्वेनं स्टेशनाला नाव आमच्या गावाचं दिलं, पण गाव राहिलं समुद्राकाठी आणि स्टेशन पूर्वेला. मधे भाताची खाचरं, खाजण आणि रात्री काळोख. दिवसा हे अंतर कुणाच्या ध्यानात येत नसे. रात्रीच्या गाडीनं उतरणाऱ्याला मात्र ते चांगलंच कळे. त्या रस्त्यानं रात्री काय काय उजेड पाहिला आणि तिचाकी गाडीचा दिवा सुधारता सुधारता आम्ही काय शिकलो, ते लिहून ठेवायचं आहे. रस्ते रुंद झाले, गावात खांबावर दिवे आले. नव्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर ती म्हणतात, दिव्यात काय एवढं?

मोटारी येण्याआधी आमच्याकडे रात्रीची वाहतूक बैलगाडीनं चाले. गाडीखाली आसाला कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात गाडीवानाला काडीचंही दिसत नसे, आणि त्याला बघायची गरजही नव्हती. वाट बैलांना पाठ होती. गाडीवान निम्मा वेळ झोपलेलाच असायचा. कंदील होता तो समोरून येणाऱ्याला गाडी कळावी म्हणून. पायी जाणारा माणूस झावळीची चूड पेटवून हलवत जाई. त्यातही पायाखालचा साप दिसावा हा एक हेतू आणि 'मी इथं आहे' हे दुसऱ्याला कळावं हा दुसरा. म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या लेखी दिव्याची कामं दोन होती: बघणं आणि दिसणं. पुढे मोटारी आल्या तेव्हा पहिलं काम सगळ्यांच्या लक्षात राहिलं आणि दुसरं विसरलं.

सायकलीला आधी कार्बाइडचा दिवा होता, मग डायनामो आला. डायनामोची गंमत अशी की जोरात पाय मारले की उजेड, दमून हळू झालात की अंधार. चढावर, जिथं रस्ता दिसायला हवा, तिथंच दिवा मिणमिणायचा. हा डायनामोचा स्वभाव ध्यानात ठेवा, कारण रिक्षाच्या पोटातही तोच बसलेला होता.

तिचाकी मोटारगाडीचा आपल्याकडचा इतिहास स्वातंत्र्याच्या आसपास सुरू होतो. माणसानं माणसाला ओढायच्या रिक्षाला पर्याय म्हणून नवलमल फिरोदियांनी ऑटोरिक्षाचा पाठपुरावा केला. पुढे १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्यानं मुंबईत गोरेगावला तिचाकी 'हॅन्सियट' बनू लागली. तिच्या नाकाडामुळे लोकांनी तिला 'डुक्कर' म्हटलं आणि कंपनीचं नाव असं पसरलं की आजही कुठल्याही मालवाहू गाडीला आपण टेम्पोच म्हणतो. बजाजची रिक्षा ही इटलीच्या व्हेस्पा स्कूटरच्या घराण्यातली. ही सगळी वाहनं शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी जन्मली होती. आमच्याकडे आली तेव्हा त्यांना दोन्ही मिळालं नाही.

आधी रस्त्याचं सांगतो. बैलगाडीची वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. जीपची दोन्हीकडची चाकं त्या चाकोऱ्यांत नीट बसत. रिक्षाचं पुढचं चाक मात्र मधोमध. मागची दोन चाकोरीत ठेवावी तर पुढचं उंचवट्यावर उड्या मारतं. पुढचं चाकोरीत घालावं तर मागचं एक चाक बांधाच्या कडेला लोंबतं. वाडीतून पानाच्या, केळीच्या, भाजीच्या पाट्या रस्त्याला आणायच्या, किंवा किनाऱ्यावर उतरलेली मासळी भरायची, तर रिक्षा आणि टेम्पो असल्या वाटेनं न्यावेच लागत. मासळी भरती-ओहोटीच्या वेळेनं येते, घड्याळाच्या नाही. त्यामुळे वाळूतून आणि बांधावरून जायची वेळ पुष्कळदा मध्यरात्रीची किंवा पहाटेची. पुढचं चाक नाचलं की दिवाही नाचायचा. एका क्षणी उजेड माडाच्या शेंड्यावर, दुसऱ्या क्षणी चाकापुढच्या चिखलात.

आता दिव्याचं. आमच्याकडच्या जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांना समोर मधोमध एकच गोल दिवा असे आणि त्याला वीज मिळे ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून. इंजिन पळालं की दिवा पांढरा, हळू झालं की निखाऱ्यासारखा लाल. खड्डा आला म्हणून ड्रायव्हरनं वेग कमी केला की खड्डाच दिसेनासा व्हायचा. म्हणून जुने ड्रायव्हर खड्ड्यापाशी क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पिळत, 'घुंईं' आवाज करीत, नुसत्या उजेडासाठी पेट्रोल जाळत. फार पिळलं तर बल्ब उडे. प्रत्येकाच्या डिकीत फडक्यात गुंडाळलेला एक जास्तीचा बल्ब असायचाच.

दुसरी अडचण वळणाची. सायकलीचा दिवा हँडलबरोबर वळतो. रिक्षाचा दिवा समोरच्या पत्र्यात बसवलेला. हँडल वळलं तरी दिवा आपला नाकासमोर बघतो. वळणावर उजेड खाजणात आणि रिक्षा काळोखात, असा प्रकार. आमच्या रस्त्याची वळणं ड्रायव्हरांना माडांवरून, विहिरींवरून तोंडपाठ होती. नवखा माणूस तिथं फसायचा.

डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झालं तेव्हा मी शाळेत होतो. मुंबई आणि सगळ्या किनारपट्टीवर ब्लॅकआउट. गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करायचा हुकूम. आमच्या उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र दोनच वर्षांपूर्वी, १९६९ साली सुरू झालेलं, त्यामुळे आमच्या भागात भीती जास्त आणि शिस्तही कडक. लढाई दोन आठवड्यांत संपली, पण काही गाड्यांवरचा काळा रंग कितीतरी दिवस तसाच राहिला. एक गोष्ट तेव्हा मोठी माणसं बोलत, ती मला फार पुढे कळली. ती म्हणत, "अर्धा दिवा झाकला तरी चालवता येतंय की! उलट समोरच्याचा दिवा डोळ्यात जात नाही." वर जाणारा उजेड रस्त्याच्या कामाचा नसतोच, हे आम्हाला लढाईनं दाखवलं. शांतता झाल्यावर ते कुणी ध्यानात ठेवलं नाही.

मग बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांच्या पाळ्या सुरू झाल्या. रात्री साडेअकरा-बाराला सुटणारी माणसं, पहाटेच्या पाळीला निघणारी माणसं, सगळी काळोखात रस्त्यावर. कुणी सायकलवर, कुणी पायी. रिक्षांची संख्या वाढली, सहा आसनी आल्या, पुढे डिझेलच्या तिचाकी आल्या. धंदा रात्रीचा, म्हणून ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच विचार: दिवा मोठा पाहिजे. बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा दिवा आला, हॅलोजन आला. कंपनीनं पस्तीस वॉटचा बल्ब दिला असेल तर पोरं साठचा घालायची, आणि हौशी असेल तो शंभरचा.

शंभर वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर आठ अँपिअरहून जास्त वीज ओढतो. रिक्षाची तार सुतळीएवढीसुद्धा जाड नाही. तार तापायची, हँडलवरचं बटण वितळायचं, आणि एवढं करून उजेड फारसा वाढायचाच नाही. का, ते आम्हाला मिस्त्रींनी समजावलं. त्यांची टपरी माहीमच्या वाटेवर होती. नाव कुणी घेत नसे, लहानथोर सगळे मिस्त्रीच म्हणत. ते म्हणायचे, "बल्ब कशाला बदलतोस भाऊ? आधी तार बघ. टाकीत पाणी आहे, नळ गंजलाय." बारा व्होल्टच्या दिव्याला वाटेतल्या गंजामुळे पावणेअकराच पोचले, म्हणजे वीज एक दशांशानं कमी झाली, तर उजेड एक दशांशानं नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. फिलामेंटच्या बल्बचा हा गुणच आहे. आणि आमच्या खाऱ्या हवेत गंजायला काय वेळ? ते दिव्याची अर्थिंगची तार सोडवून पत्रा पॉलिश पेपरनं घासत, नवी जाड तार बॅटरीपासून थेट ओढत आणि मधे रिले बसवत, म्हणजे बटणावरून थोडीच वीज जाते आणि मोठा भार रिले उचलतो. खर्च एका चांगल्या बल्बाएवढा. उजेड दीडपट.

दिव्याच्या आतला चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, हाही खाऱ्या हवेनं काळवंडतो. लोक तो राखेनं, नाहीतर टूथपेस्टनं घासत. त्यावरचा मुलामा इतका पातळ की दोन वेळा घासला की गेला. मिस्त्री तिथं मात्र कंजुषी करू देत नसत. वाडगा बदलायला लावत. पावसाळ्यात काचेवर पिवळा जिलेटीनचा कागद चिकटवायची फॅशन होती. "पिवळ्यानं पाऊस फाडला जात नाही, उजेड तेवढा कमी होतो," असं ते म्हणत, पण ती फॅशन त्यांना मोडता आली नाही.

याच सुमाराची एक घटना सांगायला हवी. पालघरकडून येणारा एक सायकलवाला, बोईसरच्या पाळीवरून सुटलेला, रस्त्याच्या कडेनं चालला होता. दोन रिक्षा समोरासमोर आल्या. एकीला मोठा बल्ब, आणि मागे पाच-सहा माणसं. दुसरीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या दोन-तीन क्षणांत त्यानं सायकल उडवली. माणूस वाचला, पण एक पाय गेला. त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच होता. कोर्टकचेरी झाली, ज्याचं त्याला माप मिळालं. पण धडक ज्यानं दिली त्याचा दिवा साधा होता, आणि ज्याचा दिवा मोठा होता तो धडकेच्या वेळी पुढे निघूनही गेला होता. त्याच्या कागदावर काही आलं नाही.

यानंतर मिस्त्रींनी स्टँडावरच्या सगळ्या रिक्षा एकेक करून एका पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या केल्या. भिंतीपासून पंचवीस फुटांवर चुन्याची रेघ. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं आडवी रेषा. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेषेच्या चार बोटं खाली पडली पाहिजे. रिकाम्या रिक्षा पास झाल्या. मग त्यांनी मागे माणसं बसवली, आणि खरी गोष्ट दिसली. मागे भार पडला की तिचाकीचं नाक वर उचललं जातं, आणि डिपरचा उजेडसुद्धा रेषेच्या वर, सरळ माणसाच्या तोंडावर. म्हणजे दिवा जुळवायचा तो भरलेल्या रिक्षाचा. रिकामी असताना उजेड जरा जवळ पडला तर पडू दे. ड्रायव्हर कुरकुरले, "मग आम्हाला लांबचं कसं दिसणार?" मिस्त्री म्हणाले, "दिसत नसेल तर हळू जा. चाळीसच्या वेगात सेकंदाला अकरा मीटर जातोस. वीस मीटर दिसत असेल तर दोन सेकंदसुद्धा नाहीत तुझ्याकडे."

सरकारी नियम यापेक्षा फार वेगळा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिव्यांनी पुढे १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसावीत. आणि पुढच्याच नियमात लिहिलंय की आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत खुपता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाची नजर. कायदा करणाऱ्यानं रस्त्यावरचा पायी माणूस धरला होता. आमच्याकडे डिपर मारायचा तो समोर मोटार आली तर, एवढंच ड्रायव्हरला ठाऊक. स्टँडावर मग ठरलं: सायकल दिसली तरी डिपर, डोक्यावर भारा घेतलेली बाई दिसली तरी डिपर. हे कुठं लिहिलं नाही, दंडही नव्हता. पण स्टँडावर नंबर लावायचा तर पाळावं लागे, आणि बरीच वर्षं पाळलं गेलं.

२०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. केळव्याला पर्यटक वाढले, सुरूच्या बनात गाड्यांची गर्दी झाली. आता बॅटरीवरच्या रिक्षा येतायत. दिवे एलईडीचे. थोड्या विजेत भरपूर उजेड, आणि मंद गतीतही तो लाल पडत नाही. मॅग्नेटोच्या काळातल्या माणसाला हे स्वप्नच वाटलं असतं. कंपनीनं एलईडीसाठीच घडवलेला दिवा असेल तर झोतही नीट पडतो. पण जुन्या वाडग्यात बाजारातून आणलेला एलईडी बल्ब खुपसला की बिघडतं. तो वाडगा फिलामेंटच्या एका बारीक जागेसाठी घडवलेला असतो. उजेड त्या जागेवरून निघाला नाही तर चौफेर फाकतो, रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त.

पाळीवरून सुटलेली माणसं आजही त्या रस्त्यानं सायकलवर येतात. त्यांच्या मागच्या चाकाला लावायला लाल चकत्या मिळतात. कंदिलानं जे काम बैलगाडीखाली केलं तेच ती चकती करते, दिसण्याचं. रिक्षावाल्यांनी मिळून गावातल्या सायकलींना त्या लावल्या, तर नव्या दिव्यावर घातलेल्या पैशाचं खरं चीज होईल. आणि स्टँडाजवळच्या एखाद्या भिंतीवर मिस्त्रींची ती आडवी रेषा पुन्हा ओढायला खडूचा एक तुकडा पुरेल.