दुर्खीम यांची 'आत्महत्या' आणि यवतमाळचा कापूस उत्पादक : एका अभ्यासक्रमीय संकल्पनेचा प्रादेशिक विचार

प्रस्तावना :

समाजशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर परीक्षा, सेट-नेट, तसेच संघ लोकसेवा आयोगाचा वैकल्पिक विषय या सर्व अभ्यासक्रमांत एमिल दुर्खीम (१८५८-१९१७) यांना अढळ स्थान आहे. श्रमविभाजन, सामाजिक तथ्य, आत्महत्या आणि धर्म या चार घटकांवर प्रश्न विचारला जातोच. मराठी पाठ्यपुस्तकांत या विचारवंताचे नाव डरखाईम, दुर्खीम, द्यूरकेम अशा अनेक रूपांनी येते आणि ही एकच व्यक्ती आहे काय, असा प्रश्न नवख्या विद्यार्थ्याला पडतो. परंतु त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. 'आत्महत्येचे प्रकार सांगा' या प्रश्नाचे उत्तर आत्मकेंद्री, परार्थवादी, प्रमाणकशून्य आणि दैववादी अशा चार शीर्षकांत संपते. उदाहरणे युरोपातील प्रोटेस्टंट व कॅथलिक यांची दिली जातात. हे उत्तर ज्या यवतमाळ जिल्ह्यात लिहिले जाते, तो जिल्हा गेली अनेक वर्षे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखला जातो. उत्तरपत्रिकेत मात्र तो क्वचितच येतो.

ही संकल्पना यवतमाळच्या कापूस उत्पादकाला कितपत लागू पडते आणि कोठे अपुरी पडते, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी :

'आत्महत्या' हा ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १८९३ मध्ये 'समाजातील श्रमविभाजन' आणि १८९५ मध्ये 'समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम' हे दुर्खीम यांचे ग्रंथ आले होते. दुसऱ्या ग्रंथात मांडलेली सामाजिक तथ्याची कल्पना प्रत्यक्ष पुराव्यावर तपासून पाहणे हा 'आत्महत्या' या ग्रंथाचा उद्देश होता. त्यासाठी वरकरणी सर्वांत खासगी वाटणारी कृती निवडली गेली. एका व्यक्तीने आपले जीवन का संपविले, हा प्रश्न दुर्खीम यांनी विचारलाच नाही. एखाद्या समाजातील आत्महत्येचा दर वर्षानुवर्षे जवळपास स्थिर का राहतो आणि तो अचानक का बदलतो, हा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथाचे सारे महत्त्व या बदललेल्या प्रश्नात आहे. मार्गदर्शिकांत नेमके तेच गळते आणि केवळ चार प्रकार शिल्लक राहतात.

या ग्रंथासाठी फ्रान्सच्या न्याय मंत्रालयातील सुमारे २६,००० नोंदींचे वर्गीकरण दुर्खीम यांचे भाचे मार्सेल मॉस यांनी केले. त्या नोंदी पाहण्याची मुभा देणारे सांख्यिकी विभागाचे प्रमुख गाब्रिएल तार्द हेच होते. तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत याच ग्रंथात एका स्वतंत्र प्रकरणात खोडून काढलेला आहे, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. परंतु ग्रंथाचा पाया सरकारी नोंदवही हा होता, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

'गरिबी रक्षण करते' या विधानाचा प्रश्न :

दुर्खीम यांचे एक विधान यवतमाळच्या विद्यार्थ्याला प्रथमदर्शनी पटणारे नाही. त्यांच्या मते दारिद्र्य माणसाचे आत्महत्येपासून रक्षण करते, कारण ते त्याच्या इच्छांना आपोआप आवर घालते. आयर्लंड आणि इटलीतील कालाब्रिया यांसारख्या गरीब प्रदेशांत आत्महत्येचे प्रमाण कमी असल्याचा दाखला त्यांनी दिला आहे. प्रमाणकशून्यता ही व्यापार व उद्योगात जुनाट रोगासारखी मुरलेली असते, तर शेतीत जुनी नियामक बंधने टिकून असल्याने तेथे ती कमी आढळते, असेही ते म्हणतात. मग कर्जबाजारी, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हा सिद्धांत साफ खोटा ठरला, असे म्हणावे काय?

असा निष्कर्ष घाईचा होईल. दुर्खीम यांच्या डोळ्यांसमोरचा शेतकरी घरच्या बियाण्यावर पेरणी करणारा आणि स्वतः पिकविलेले धान्य खाणारा होता. कापूस मात्र खाता येत नाही. मृगाच्या तोंडावर बियाणे, खत व औषध विकत घ्यायचे, दिवाळीनंतर वेचणी करायची आणि आपल्याला न विचारता ठरलेल्या भावाने माल विकायचा, हा ज्याचा वार्षिक क्रम आहे तो वेशाने शेतकरी असला तरी आर्थिक स्थानाने व्यापारी आहे. फरक इतकाच की व्यापाऱ्याजवळ असणारी थांबण्याची ताकद त्याच्याजवळ नाही. म्हणून यवतमाळचा कापूस उत्पादक दुर्खीम यांच्या 'शेती' या सदरात न बसविता 'व्यापार व उद्योग' या सदरात बसविला, तर सिद्धांत पुन्हा बोलू लागतो.

वऱ्हाडातील कापसाचा इतिहास :

हा बदल कालपरवाचा नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले, परंतु ज्वारीच्या जागी गेलेला कापूस परत फिरला नाही. शतकाअखेरीस, १८९६-९७ व १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडाने भीषण दुष्काळ पाहिले. कापसाच्या विस्ताराचा आणि दुष्काळाचा संबंध लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडावरील आपल्या ग्रंथात (१९९७) सविस्तर दाखविला आहे. १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी आली. लोकांनी तिला जिव्हाळ्याने 'शकुंतला' म्हटले. तिचे मुख्य काम मात्र कापूस बाहेर नेण्याचे होते.

दुर्खीम यांनी तीव्र प्रमाणकशून्यतेसाठी व्हिएन्नातील १८७३ चे आणि पॅरिस शेअर बाजारातील १८८२ चे अरिष्ट ही उदाहरणे घेतली. आकस्मिक समृद्धीही तितकीच घातक असते, कारण तीही अपेक्षांची जुनी मापे मोडते, हा त्यांचा मुद्दा होता. १८६० च्या दशकातील वऱ्हाड हे त्याचे उत्तम उदाहरण ठरले असते. फ्रान्समधील अभ्यासकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या पाठ्यपुस्तकांनाही ते आजवर सुचलेले नाही, याचे आश्चर्य मात्र वाटते. शेतकऱ्याचे कर्ज, सावकार आणि नोकरशाही यांचा परस्परसंबंध महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ सालीच उलगडला होता. म्हणजे दुर्खीम यांचा पहिला मोठा ग्रंथ येण्यास अद्याप दहा वर्षे होती. पण अभ्यासक्रमात 'पाश्चात्य विचारवंत' आणि 'भारतीय विचारवंत' या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असल्याने हे दोघे एका उत्तरात कधी भेटत नाहीत.

नियमन आणि त्याचा ऱ्हास :

प्रमाणकशून्यता म्हणजे केवळ निराशा नव्हे. काय अपेक्षिणे रास्त आहे, हे सांगणारी व्यवस्था ढासळणे म्हणजे प्रमाणकशून्यता. या अर्थाने महाराष्ट्र शासनाची १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना ही एक नियामक व्यवस्था होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. चुकारे रखडत, प्रतवारीवरून वाद होत, तोटा वाढत गेला. तरीही भाव आधी ठाऊक असे. सुमारे तीन दशकांनंतर ही व्यवस्था मोडीत निघाली. त्याच सुमारास, २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. संकरित वाणांमुळे बियाणे घरातून दुकानात आधीच गेले होते. आता ते अधिक महाग झाले. गावातील जाणत्या शेतकऱ्याचा सल्ला मागे पडून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरील सल्ला प्रमाण ठरला. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री देणाऱ्या जिल्ह्यात हे घडावे, ही बाब राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही विचारात घेण्यासारखी आहे.

दुर्खीम यांनी यावर उपाय म्हणून व्यावसायिक संघांचा पुरस्कार केला होता. १९८० च्या दशकात विदर्भातील कापूस उत्पादकांना एकत्र आणणारी शरद जोशी यांची शेतकरी संघटना हा त्या प्रकारचा संघ मानता येईल काय? संघटन म्हणून होय. परंतु तिचा आग्रह शासकीय बंधने उठविण्याचा होता, तर दुर्खीम यांच्या संघाचे कार्यच बंधने घालून देण्याचे होते. येथे सिद्धांत आणि चळवळ यांच्या वाटा वेगळ्या होतात. हा विरोध लपवून दोहोंची सांगड घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बी. बी. मोहंती यांनी २००५ मध्ये 'जर्नल ऑफ पीझंट स्टडीज' या नियतकालिकात अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील आत्महत्यांचा दुर्खीम यांच्या चौकटीतून अभ्यास मांडला. त्यात जात व जमीनधारणा यांनुसार कारणे वेगळी दिसतात. खालच्या मानलेल्या जातींतील लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत नापिकी व कर्ज, तर वरच्या जातींतील मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत आकांक्षा आणि प्राप्ती यांतील अंतर प्रभावी ठरते. म्हणजे 'शेतकरी आत्महत्या' या एका नावाखाली एकच सामाजिक प्रकार नाही. पहिल्या गटासाठी कदाचित दैववादी हा प्रकार अधिक जवळचा ठरेल. सर्व मार्ग बंद करणाऱ्या दडपणातून घडणाऱ्या या आत्महत्येला दुर्खीम यांनी केवळ एका तळटीपेत जागा दिली होती.

नोंदवहीचा प्रश्न :

महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. राज्यातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही पहिली जाहीर नोंद मानली जाते. त्यापूर्वी अशा घटना घडल्या नसतील, असे म्हणता येत नाही. 'शेतकरी आत्महत्या' हे सदर तेव्हा अस्तित्वात नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची व्यवसायनिहाय आकडेवारी १९९५ पासूनची उपलब्ध आहे आणि २०१४ पासून त्यात शेतमजूर वेगळे दाखविले जातात. सदर बदलले की संख्या बदलते. जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये दुर्खीम यांच्यावर घेतलेला आक्षेप हाच होता : मृत्यूला 'आत्महत्या' ठरविणारा अधिकारी आपला अर्थ त्यात घालतो आणि अभ्यासक त्यालाच तथ्य समजतो.

यवतमाळमध्ये हा आक्षेप कल्पनेतला राहत नाही. शासकीय मदतीसाठी प्रत्येक प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविले जाते. कुटुंबाच्या नावे सातबारा हवा, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा हवा. नातेवाइकांकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले पैसे कागदावर दिसत नाहीत. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर या आकड्यांना राजकीय वजन आले आणि 'पात्र' किती यावर वाद वाढले. दुर्खीम यांच्या नोंदवहीत अधिकारी मृत्यूचे कारण लिहीत असे. येथे तो मृत्यूची पात्रता लिहितो.

या नोंदीत स्त्रीचे स्थान सर्वांत अवघड आहे. निंदणी, वेचणी आणि पेरणीतील मोठा वाटा तिचा असतो, परंतु जमीन तिच्या नावे क्वचितच असते. तिने आत्महत्या केली तर व्यवसायाच्या रकान्यात बहुधा 'गृहिणी' असे लिहिले जाते. जनगणनेत मात्र तीच स्त्री शेती कसणारी म्हणून मोजली जाते. त्यामुळे शेतकऱ्यांच्या आत्महत्येचा दर काढताना ती छेदात असते आणि अंशात नसते.