किरगीज पोशाख आणि त्यामागचे हात



गिरणीकामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाला कापड दिसले की पहिला प्रश्न सुचतो तो हा, की हे केले कोणी? तोच प्रश्न आज मी तिएनशान पर्वतातील किरगीज लोकांच्या पोशाखाला विचारणार आहे.

हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या व घोडे पाळणारे. उन्हाळ्यात उंच कुरणांवर जावयाचे, हिवाळ्यात खाली उतरावयाचे. त्यांचा पोशाख या जिण्यातूनच निघाला. मेंढीच्या कातड्याचा कोट तो ‘तोन’, आणि आत थर भरून शिवलेला लांब अंगरखा तो ‘चापान’. पुरुषाच्या डोक्यावर ‘आक-काल्पाक’, म्हणजे चार पाकळ्या जोडून शिवलेली उंच, पांढरी, नमद्याची टोपी. ती थंडीही अडवते आणि ऊनही.

आता हा नमदा पाहा. आपले घोंगडे मागावर विणतात. नमद्याला मागच लागत नाही. लोकर झोडपून मोकळी करावयाची, बोरूच्या चटईवर पसरावयाची, वर कढत पाणी ओतावयाचे आणि चटईची वळकटी करून ती दाबत, लोळवत राहावयाचे. तंतू एकमेकांत गुंततात व घट्ट थर तयार होतो. हे अंगमेहनतीचे काम मुख्यतः बायकांचे!

त्यांच्या स्वतःच्या पोशाखातही कष्टाची खूण आहे. ‘बेल्देम्ची’ हा कमरेला गुंडाळण्याचा जाड घागरा पुढून उघडा असतो, कारण बाईलाही घोड्यावर बसावे लागे. ‘एलेचेक’ हे विवाहितेचे पांढऱ्या लांब कापडाचे शिरोवेष्टन. ते नव्या सुनेच्या डोक्यास प्रथम बांधताना वडीलधारी मंडळी आशीर्वाद देत.

सोव्हिएत राजवटीत भटके पशुपालक सामुदायिक शेतांवर स्थायिक झाले, गिरणीचे कापड आले आणि एलेचेक रोजच्या वापरातून मागे पडले. १९९१ साली देश स्वतंत्र झाला आणि जुन्या पोशाखाला मान मिळू लागला. युनेस्कोने आपल्या वारसायादीत २०१९ साली आक-काल्पाकची व २०२३ साली एलेचेकची कला नोंदविली.

परंतु त्याआधी, २०१२ साली, याच बायकांचे नमद्याचे गालिचे तातडीने रक्षण करावयाच्या यादीत घालावे लागले होते. स्वस्त कृत्रिम गालिचे बाजारात आलेले, कारागीर घटलेले आणि तरुणांना त्यात रस उरलेला नाही, ही त्याची कारणे. यात तरुणांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या कामावर चूल पेटत नाही, ते मुलीने आईकडून का शिकावे? यादीत नाव चढल्याने कलेचा मान वाढतो, हे खरे. ती टिकावयाची तर लोकर लोळविणाऱ्या बाईला तिच्या दिवसाचे पुरते दाम मिळाले पाहिजे.