जहाजावरचा सज्जा

इंदूरच्या होळकरांच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. त्यांवरून बाहेर आलेले सज्जे, म्हणजे भिंतीच्या रेषेपुढे काढून कठड्याने बंदिस्त केलेल्या जागा, माळव्याच्या उन्हाळ्यात वारा घेण्यासाठी जितके उपयोगी पडत, तितकेच समोरच्या चौकातील रयतेला दर्शन देण्यासाठीही. वाडे, हवेल्या आणि पुढे मुंबईच्या चाळी यांना अंगवळणी पडलेला हा भाग प्रवासी जहाजावर मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अपवाद म्हणून आला आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात सर्रास झाला. या उशिरातील खरी मौज अशी की, उकाड्याने प्रवाशांचा जीव नकोसा होत असे त्या काळात जहाजावर सज्जा नव्हता, आणि थंड हवेची सोय यंत्राने केल्यावर, म्हणजे त्याची निकड संपल्यावर, तो सर्रास झाला.

उकाड्याच्या त्याच काळात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले, त्यातून १८७०च्या दशकात इंदूर–खंडवा लोहमार्ग उभा राहिला आणि माळव्यातला माणूस खंडव्याला गाडी बदलून मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोहोचू लागला. महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी १८८७ साली शिवाजीराव होळकर लंडनला गेले, तेव्हा विलायतेच्या प्रवासाची नेहमीची वाट एडन, तांबडा समुद्र आणि १८६९मध्ये खुला झालेला सुएझ कालवा अशी होती. त्या बोटींवरील पहिल्या वर्गाच्या खोलीलासुद्धा बाहेरचे जग दिसे ते एका गोल, जाड काचेच्या आणि पितळी चौकटीच्या खिडकीतून. समुद्र शांत असला तर ती उघडून तिच्यात पत्र्याचे पन्हाळे बसवीत, म्हणजे बोटीच्या वेगाने कडेने जाणारा वारा अडून आत वळे. दर्या खवळला, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र बहुधा खवळलेलाच असे, की ती घट्ट बंद करावी लागे. मग खोलीत भट्टी पेटल्यासारखे होई आणि पुष्कळसे प्रवासी बिछाने उचलून डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या तक्तपोशीवर, झोपायला जात.

खोली निवडताना म्हणून कसोटी एकच, सावली. मुंबईहून एडनकडे जाणारी बोट पश्चिमेकडे तोंड करून चालते, त्यामुळे तिची उजवी बाजू उत्तरेला येते. पुढे तांबड्या समुद्रात ती वायव्येकडे वळली की दुपारचे तिरपे ऊन डाव्या बाजूला झोडपते. जाणकार जाताना उजवी आणि परतताना डावी बाजू मागत, ती एवढ्यासाठी.

अशा स्थितीत सज्जा का काढला नाही, याचे उत्तर जहाजाच्या रचनेत आहे. बहुतेक खोल्या खालच्या अंगाला, पोलादी पोटातच असत. त्या पोटाला मोठी भोके पाडली तर लाटांचे पाणी आत येणार आणि बांध्याची ताकदही घटणार. वरच्या डेकवर जागा होती, पण तिच्या कडेला सर्वांसाठी येरझाऱ्या घालण्याची वाट होती आणि त्याहून वर संकटकाळी पाण्यात सोडायच्या होड्या, म्हणजे लाइफबोटी, टांगलेल्या असत. थोडक्यात, जहाजाची उत्तम कड सार्वजनिक होती.

ही कड खाजगी करण्याचा पहिला ठळक प्रयत्न एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील मोन्फाल्कोने येथील गोदीत झाला. तेथे बांधलेल्या 'सॅटर्निया' (१९२७) आणि 'व्हल्कॅनिया' (१९२८) या जहाजांवर काही निवडक खोल्यांना स्वतंत्र व्हरांडे जोडले होते. फ्रेंचांच्या 'नॉर्मंडी'वर (१९३५) हा मान केवळ सर्वांत महागड्या दालनांना मिळाला. सज्जा येथे ऐश्वर्याचे चिन्ह होता, आणि तसाच राहिला असता तर त्याची कुळकथा लिहावी असे काही कारण नव्हते.

वातानुकूलनाने चित्र पालटले. इंदुरातच दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियुस याने १९३०च्या दशकारंभी माणिकबाग हा वातानुकूलित महाल उभारला, ज्याचे बरेचसे सामान युरोपातून समुद्रमार्गे आले. जहाजांवर हे तंत्र सर्व खोल्यांपर्यंत पोहोचायला आणखी काही दशके लागली. १९६१च्या 'कॅनबेरा'वर ते होते आणि त्याच जहाजाच्या लाइफबोटी नेहमीपेक्षा तीन डेक खाली, बांध्यातील खोबणीत बसवल्या होत्या, त्यामुळे वरच्या मजल्यांची बाजू मोकळी झाली. पुढे विमानांनी प्रवासी बोटींचा धंदा बुडवला, आणि गावाला पोहोचवणारी बोट जाऊन समुद्र दाखवून परत आणणारी क्रूझ आली. समुद्र हाच विक्रीचा माल ठरल्यावर आंधळी खोली विकणे अवघड झाले. नोव्हेंबर १९८४मध्ये ब्रिटनची युवराज्ञी डायना हिच्या हस्ते नामकरण झालेल्या 'रॉयल प्रिन्सेस'वर सभागृहे खाली आणि खोल्या वर अशी उलट मांडणी करून प्रत्येक खोलीला बाहेरची बाजू दिली गेली, त्यांपैकी काहींना बाल्कनीही. १९९५ची 'सन प्रिन्सेस', तीही मोन्फाल्कोनेचीच, शेकडो बाल्कन्या घेऊन आली, आणि मध्यमवर्गीय प्रवाशाला ही चैन परवडू लागली.

त्याच गोदीतल्या 'स्टार प्रिन्सेस'ला २३ मार्च २००६च्या पहाटे जमैकाजवळ आग लागली आणि एक प्रवासी दगावला. न विझलेल्या सिगारेटचे थोटूक बहुधा कारणीभूत असावे, असे चौकशीत ठरले. आग पसरली ती बाल्कन्यांमधील प्लास्टिकच्या आडभिंती आणि खुर्च्या यांच्या आधाराने, कारण अग्निसुरक्षेचे नियम खोलीच्या आत थांबत आणि उघड्यावरचा सज्जा कोणाच्याच हिशेबात नव्हता. जुलै २००८पासून आडभिंती न जळणाऱ्या हव्यात, आणि सामान सहज पेट घेणारे असेल तर आगीची सूचना देणारी व पाणी फवारणारी यंत्रणा हवी, असे आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवले. लाकडी मजल्यांचा इंदूरचा राजवाडा १८०१ आणि १९८४ साली पेटला होता. हा धडा जमिनीवर तरी नवा नव्हता.

इंदूरकर पर्यटक आज अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठतो आणि सप्टेंबर २०२१पासून तेथून निघू लागलेल्या 'एम्प्रेस'वर खोली निवडतो. हे जहाज १९९०मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधले गेले, म्हणजे 'रॉयल प्रिन्सेस' आणि 'सन प्रिन्सेस' यांच्या मधल्या काळात, त्यामुळे त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असून बिनखिडकीच्या आणि बंद काचेच्या खोल्या बहुसंख्य आहेत. गोव्याकडे दक्षिणेला जाताना कोकणचा किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्य उजव्या हाताला मावळतो. परतीच्या वाटेवर बाजू उलटतात. जुन्या बोटीवरचा प्रवासी जी उन्हाची बाजू टाळण्यासाठी धडपडत असे, तीच आजचा प्रवासी सूर्यास्तासाठी मुद्दाम मागून घेतो, आणि दुपारी ऊन आत आले की बाल्कनीचे दार लावून, पडदा ओढून, आत वातानुकूलन सुरू करून बसतो.